आयोवा ते साउथ कॅरोलिना: चार आठवड्यांत मतदार एवढा बदलतो कसा?

पूर्वभाग

नमस्कार मंडळी. सोलापुरात बी.ए.च्या मुलांना अमेरिकेतली अध्यक्षपदाची उमेदवारी कशी ठरते ते शिकवायचं आहे. त्यासाठी सुरुवातीच्या चार राज्यांतल्या मतदारांचा तक्ता करायला घेतलाय, आणि २०२० च्या डेमोक्रॅटिक निकालांपाशी गाडी अडली. बायडन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशरमध्ये पाचवे (८.४ टक्के), नेवाडात दुसरे आणि साउथ कॅरोलिनात ४८ टक्क्यांच्या वर मतं घेऊन पहिले. ३ ते २९ फेब्रुवारी, एवढ्यात हे सगळं घडलं.

"पहिली दोन राज्यं गोरी, पुढची दोन मिश्र" हे उत्तर जिथे तिथे मिळतं. मुलांना ते पटेलही. अक्कलकोटचा कल बघून करमाळ्याचा अंदाज बांधायचा नसतो, हे आपल्या जिल्ह्यातल्या पोरांना वेगळं सांगावं लागत नाही. पण रिपब्लिकनांचं काय? त्यांच्याकडे चारही ठिकाणी मतदार बहुतेक गोरेच, तरी आयोवात जिंकलेला आठ दिवसांत न्यू हॅम्पशरमध्ये पडतो. मग फरक मोजायचा कशात? तक्त्यात कोणते रकाने ठेवू, आणि आकडे उचलताना कुठे फसायला होतं?

आसरा_चौक

मॅडम, पहिला रकाना राज्याच्या लोकसंख्येचा असेल तर आधी तो खोडा. या स्पर्धांत राज्य मत देत नाही, त्या दिवशी दाराशी आलेली माणसं देतात. आणि दाराशी कोण येणार हे बरंचसं नियमावर ठरतं.

२०२४ ची रिपब्लिकन बाजू घ्या. आयोवाची लोकसंख्या ३२ लाखांच्या आसपास, कॉकसला (पक्षाची स्थानिक सभा, तिथेच मत द्यायचं) आले सुमारे १ लाख १० हजार. न्यू हॅम्पशरची लोकसंख्या १४ लाखांच्या घरात, तिथे रिपब्लिकन प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवायचं केंद्रावरचं साधं मतदान) मतं पडली सव्वातीन लाखांच्या आसपास. निम्म्याहून कमी वस्तीच्या राज्यात जवळपास तिप्पट मतदान. आयोवाचे लोक आळशी आहेत असं नाही ओ. तिथे संध्याकाळी बरोबर ७ वाजता आपल्या प्रिसिंक्टच्या (मतदानाचा सगळ्यात लहान विभाग) ठिकाणी, म्हणजे शाळेत, चर्चमध्ये, वाचनालयात, स्वतः हजर राहावं लागतं. आधी भाषणं, मग मत. तास-दीड तास कुठे गेला नाही. रात्रपाळीवाला, दवाखान्यात ड्यूटीवर असलेली नर्स, लहान मूल सांभाळणारी बाई, गाडी न चालवणारे म्हातारे हे सगळे आपोआप गळतात. २०२४ ला तर १५ जानेवारीच्या त्या रात्री थंडी उणे २० सेल्सिअसच्या आसपास होती. अशा रात्री बाहेर कोण पडणार? ज्याची निष्ठा पक्की आहे, किंवा ज्याला नेणारी यंत्रणा आहे, तोच. ही यंत्रणा रिपब्लिकनांकडे चर्चची आणि घरशाळा चालवणाऱ्या कुटुंबांची, डेमोक्रॅटांकडे कामगार संघटना आणि कॉलेजांची. म्हणून आयोवाचा निकाल "आयोवाला काय वाटतं" यापेक्षा "कुणाची माणसं निघाली" हे जास्त सांगतो.

आणखी एक. आयोवात दोन्ही पक्षांच्या सभांना कॉकसच म्हणतात, पण आतला प्रकार वेगळा. रिपब्लिकन भाषणं ऐकून कोऱ्या चिठ्ठीवर नाव लिहितात, गुप्त मतदान, मोजणी, घरी. डेमोक्रॅट २०२० पर्यंत आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उघडपणे उभे राहायचे. ते एका खोलीच्या हिशेबात मुलांना दाखवा.

समजा एका प्रिसिंक्टला १२० जण आले आणि तिथून ६ प्रतिनिधी काउंटीच्या (जिल्ह्याच्या) अधिवेशनाला जायचेत. टिकायला १५ टक्के लागतात, म्हणजे १८ माणसं. पहिल्या फेरीत क ५०, ख ३६, ग १७, घ १७. ग आणि घ दोघांनाही एकेक माणूस कमी. आता ज्यांचा गट टिकला नाही त्यांनाच हलायची मुभा (२०२० ला टिकलेल्या गटातल्यांना हलायची बंदी होती). घ मधले ९ जण ग कडे आले, ४ क कडे, ४ ख कडे. झाले क ५४, ख ४०, ग २६. गटाची संख्या गुणिले ६ भागिले १२०: क २.७, ख २.०, ग १.३. पूर्णांक केले की ३, २, १. ग आणि घ सुरुवातीला अगदी बरोबरीत होते. एकाला प्रतिनिधी मिळाला, दुसऱ्याचं नावसुद्धा राहिलं नाही. म्हणजे आयोवातल्या डेमोक्रॅट मतदाराची दुसरी पसंती पहिलीइतकीच महत्त्वाची, आणि शेजारच्या कोपऱ्यातल्या ओळखीच्या माणसाने हात धरून ओढलं तर तीही बदलते. गुप्त मतदानात हा प्रकारच नाही.

जुळे_सोलापूर

वरच्यांनी खोलीतला हिशेब छान दाखवला. त्यातूनच तक्त्यातला सगळ्यात मोठा सापळा निघतो, म्हणून लगेच लिहितो.

आयोवा डेमोक्रॅटिक निकालाचे तीन आकडे असतात: पहिल्या फेरीची माणसं, शेवटच्या फेरीची माणसं, आणि राज्य प्रतिनिधींचा समतुल्य आकडा (या माणसांवरून राज्य अधिवेशनात किती प्रतिनिधी होतील त्याचा हिशेब). २०१६ ला फक्त तिसरा जाहीर झाला (क्लिंटन ४९.८, सँडर्स ४९.६). तो माणसांचा आकडा नाही. २०२० ला तिन्ही जाहीर केले, आणि पहिल्या फेरीत सँडर्स सुमारे ६ हजारांनी पुढे असताना तिसऱ्या आकड्यात बुटिजज केसभर पुढे निघाले. कारण प्रत्येक प्रिसिंक्टला किती प्रतिनिधी हे आधीच्या निवडणुकांतल्या पक्षाच्या मतांवरून अगोदरच ठरलेलं असतं. एम्स किंवा आयोवा सिटीसारख्या विद्यापीठाच्या गावात हॉल फुटेस्तोवर पोरं आली तरी प्रतिनिधी तेवढेच. न्यू हॅम्पशरच्या मतांच्या टक्केवारीशेजारी हा तिसरा आकडा मांडला की तुलना तिथेच बिघडते. पहिल्या फेरीचा आकडा घ्या, तोच प्रायमरीच्या सगळ्यात जवळ जातो. २०२४ चा आयोवा डेमोक्रॅटिक निकाल तर घेऊच नका. तेव्हा पोस्टाने पसंतीपत्रं मागवली आणि निकाल ५ मार्चला जाहीर केला. वेगळीच जात आहे ती.

आता रिपब्लिकन कोडं. यादी बघा, नुसती वाचली तरी उत्तर दिसतं. १९८०: आयोवा बुश (थोरले), न्यू हॅम्पशर रेगन. १९८८: डोल, मग बुश. १९९६: डोल, मग ब्युकॅनन. २०००: बुश (धाकटे), मग मॅकेन, तेही ४८ विरुद्ध ३०. २००८: हकबी, मग मॅकेन. २०१२: सँटोरम, मग रॉम्नी. २०१६: क्रूझ, मग ट्रम्प. विशेषतः २००८ पासून आयोवात जिंकणारा हा चर्चवाल्या मतदाराचा उमेदवार राहिलाय. २०१६ ला मतदारांच्या पाहणीत स्वतःला इव्हँजेलिकल (बायबलनिष्ठ प्रोटेस्टंट) म्हणवणारे आयोवाच्या कॉकसमध्ये दोन तृतीयांशाच्या जवळ, न्यू हॅम्पशरमध्ये साधारण चौथा हिस्सा, साउथ कॅरोलिनात सत्तरीच्या पुढे. गोरे सगळीकडेच, पण रविवारी सकाळी चर्चमध्ये असणारे गोरे आणि नसणारे गोरे वेगळं मत देतात. त्यामुळे रिपब्लिकन तक्त्यात वंशाऐवजी धर्म आणि शिक्षण हे दोन रकाने ठेवा. पदवीधर की बिगरपदवीधर हा भेद २०१६ नंतर फार ठळक झालाय.

पाहणीबद्दल एक सूचना. कॉकसची पाहणी आत जाताना करतात, प्रायमरीची बाहेर पडल्यावर. आत जाणाऱ्याने सांगितलेलं नाव आणि खोलीतल्या ओढाताणीनंतरचं नाव एकच असेल याची खात्री नाही. शिवाय त्या रात्री टीव्हीवर दिसणारे पाहणीचे आकडे कच्चे असतात. प्रत्यक्ष निकाल आला की त्याला जुळवून ते पुन्हा बेतले जातात. दुसऱ्या दिवशीचा आकडा घ्या, रात्रीचा स्क्रीनशॉट नको.

बार्शी_लाइट

यादी १९८० पासून बरोबर आहे, पण पुढे २०२४ ला ट्रम्प दोन्ही जिंकले ना? आयोवा ५१ टक्के, न्यू हॅम्पशर ५४. मग चर्च की बिगरचर्च हा मुद्दा संपला म्हणायचा का?

जुळे_सोलापूर

संपला नाही, फक्त त्याच्यावर पक्षनिष्ठा चढून बसली. पदावर नसताना दोन्ही जिंकणारे ते पहिलेच रिपब्लिकन. पण अंतर बघा: आयोवात दुसऱ्या क्रमांकावरचे डिसँटिस २१ टक्क्यांवर, ट्रम्प यांनी ९९ पैकी ९८ काउंट्या घेतल्या, आणि उरलेली जॉन्सन काउंटी (तीच, आयोवा सिटीची) निकी हेली (साउथ कॅरोलिनाच्या माजी गव्हर्नर) यांनी एका मताने घेतली. न्यू हॅम्पशरमध्ये मात्र हेली ४३ टक्क्यांपर्यंत गेल्या. आठ दिवसांत १९ वरून ४३. मतदाराचा फरक विजेत्याच्या नावात लपला, दुसऱ्या क्रमांकाच्या आकड्यात उघडा पडला. तक्त्यात फक्त विजेता लिहिणाऱ्यांचं इथेच चुकतं.

आसरा_चौक

ते ४३ कुठून आले, तर न्यू हॅम्पशरच्या मतदारयादीतून. तिथे सुमारे ४० टक्के मतदार कुठल्याच पक्षाचे म्हणून नोंदलेले नाहीत. अशा माणसाने केंद्रावर जायचं, ओळखपत्र दाखवायचं, "रिपब्लिकन द्या" किंवा "डेमोक्रॅट द्या" म्हणायचं. मतपत्रिका हातात घेतली की तो त्या पक्षाचा सदस्य झाला. मत टाकायचं, आणि बाहेर पडताना दाराशी एक कार्ड भरून पुन्हा बिनपक्षाचं व्हायचं. पाच-दहा मिनिटांचं काम. जो आधीपासून एखाद्या पक्षात नोंदलेला आहे त्याला मात्र ऐनवेळी उडी मारता येत नाही. २०२४ साठी पक्ष बदलायची मुदत ६ ऑक्टोबर २०२३ लाच संपली होती. "डेमोक्रॅट घुसले आणि हेलींना मतं दिली" असं जे सर्रास लिहिलं जातं, त्यात हा बारकावा हरवतो. घुसू शकत होते ते बिनपक्षाचे.

हे ४० टक्के कुठे वाहतात ते त्या वर्षी कुठली लढत रंगतदार आहे यावर ठरतं. २०१२ आणि २०२४ ला डेमोक्रॅटांकडे विद्यमान अध्यक्ष, म्हणून गर्दी रिपब्लिकन मतपत्रिकेकडे. २०२० ला उलट. २००० ला दोन्हीकडे चुरस होती, तर मॅकेन यांनी बिनपक्षाचे खेचले आणि डेमोक्रॅटांकडचे ब्रॅडली गोर यांच्याकडून ५०-४६ ने हरले. ते बिनपक्षाचे मतदार ब्रॅडलींकडे आले असते तर काय, ही चर्चा अजून चालते. म्हणून एकाच पक्षाचे २०१२ आणि २०१६ चे न्यू हॅम्पशरचे आकडे शेजारी ठेवतानासुद्धा "त्या वर्षी दुसऱ्या बाजूला लढत होती का" असा एक रकाना लागतो. माझ्या मते तक्त्यातला सगळ्यात उपयोगी रकाना तोच, आणि तोच कुणी ठेवत नाही.

स्वभावाबद्दल थोडक्यात: पगारावर प्राप्तिकर नाही, विक्रीकर नाही, धार्मिकता कमी, ४०० सदस्यांचं विधानसभागृह. सरकार अंगावर नको, आणि उमेदवार समोर येऊन प्रश्नांना उत्तरं देईल अशी अपेक्षा. १,००० डॉलर भरले की मतपत्रिकेवर नाव येतं, त्यामुळे हौशेनवशे भरपूर; २०२४ ला रिपब्लिकन मतपत्रिकेवर २४ नावं होती.

पूर्वभाग

खूप उपयोगी, सर. विजेत्याशेजारी दुसऱ्याचा आकडा आणि "दुसरी बाजू रिकामी की चुरशीची" हे दोन्ही टाकते. आता नेवाडा आणि साउथ कॅरोलिना. बायडन यांचा प्रश्न तिथेच सुटेल असं दिसतंय. तिथेही मतदारयादीत पक्ष असतो का?

अक्कलकोट_रोड

साउथ कॅरोलिनात मतदारयादीत पक्षाची नोंदच नसते, मॅडम. कुणीही कुठल्याही पक्षाच्या प्रायमरीत जावं, फक्त दोन्हीकडे जाता येत नाही. दोन्ही प्रायमरी बहुधा वेगवेगळ्या शनिवारी होतात (२०२४ ला डेमोक्रॅट ३ फेब्रुवारी, रिपब्लिकन २४ फेब्रुवारी). पहिल्या शनिवारी मत दिलेल्याला दुसऱ्या वेळी परत पाठवतात.

नियम सगळ्यात मोकळा, पण मतदारवर्ग सगळ्यात ठाम आखलेला. राज्यात कृष्णवर्णीय चौथ्या हिश्शाच्या थोडे वर, पण डेमोक्रॅटिक प्रायमरीत निम्म्याहून जास्त: पाहणीनुसार २००८ ला ५५ टक्के, २०१६ ला ६१, २०२० ला ५६. राज्याच्या लोकसंख्येचा रकाना खोडा असं वर सांगितलं ते इथे नीट कळतं. हा मतदार वयाने मोठा, त्यात बायका जास्त, चर्चला जाणारा, पक्षाशी जुनं नातं असलेला. "गोरी की मिश्र" या मांडणीत सगळ्यात जास्त नुकसान याच मतदाराचं होतं, कारण ऐकणारा समजतो की कृष्णवर्णीय म्हणजे जास्त डावा. प्रत्यक्षात हा गट डेमोक्रॅटांमधला बऱ्यापैकी मध्यममार्गी आणि व्यवहारी. आयोवा-न्यू हॅम्पशरचा उच्चशिक्षित गोरा डेमोक्रॅट नवा चेहरा शोधतो. हा मतदार विचारतो, हा माणूस आपल्याला किती वर्षं माहीत आहे आणि नोव्हेंबरात तो निवडून येईल का. २६ फेब्रुवारी २०२० ला खासदार जिम क्लायबर्न यांनी बायडन यांना पाठिंबा जाहीर केला. पाहणीत निम्म्याच्या जवळपास मतदारांनी त्या पाठिंब्याला महत्त्व असल्याचं सांगितलं. कृष्णवर्णीयांत बायडन यांना ६१ टक्के. न्यू हॅम्पशरमध्ये हा मतदार जवळजवळ नव्हताच, म्हणून तिथे ८.४.

रिपब्लिकन बाजूला हेच राज्य तीन तुकड्यांत वाचा. ग्रीनव्हिल-स्पार्टनबर्गचा वरचा भाग कट्टर चर्चवाला. चार्ल्सटन, ब्यूफर्टचा किनारा उत्तरेकडून आलेल्या निवृत्तांचा आणि व्यापाऱ्यांचा. मधला भाग राजधानी कोलंबियाचा, सरकारी आणि लष्करी नोकऱ्यांचा. २०२४ ला हेली आपल्याच राज्यात ६०-४० अशा हरल्या, आणि ज्या तीन काउंट्या जिंकल्या त्या चार्ल्सटन, ब्यूफर्ट आणि कोलंबियाची रिचलंड. मतं जवळपास ४० टक्के, पण ५० पैकी प्रतिनिधी ३. कारण इथे राज्यभरात पहिला येणाऱ्याला २९, आणि सात काँग्रेस मतदारसंघांत पहिला येणाऱ्याला प्रत्येकी ३. डेमोक्रॅटांकडे सगळीकडे प्रमाणशीर वाटप, १५ टक्क्यांची अट.

बार्शी_लाइट

नेवाडाचं मी लिहितो, ते जरा मजेशीर आहे. राज्याची सत्तर टक्क्यांहून जास्त वस्ती एका क्लार्क काउंटीत, म्हणजे लास व्हेगास आणि आजूबाजूला. हॉटेल-कॅसिनोतले स्वयंपाकी, वाढपी, खोल्या झाडणाऱ्या बायका यांची कलिनरी युनियन, सुमारे ६० हजार सभासद, बहुतेक स्थलांतरित. पाळीवर असलेल्यांना मत देता यावं म्हणून कॅसिनोच्या इमारतीतच कॉकसची केंद्रं ठेवायचे. २०२० ला युनियनच्या पुढाऱ्यांनी सँडर्स यांच्या सरकारी आरोग्य योजनेवर टीका केली, कारण युनियनने भांडून मिळवलेला स्वतःचा आरोग्य विमा जाईल. तरी स्ट्रिपवरच्या (लास व्हेगासचा कॅसिनोंचा रस्ता) बहुतेक केंद्रांवर सभासदांनी सँडर्स यांनाच उचललं. लॅटिनो मतदारांत त्यांना निम्म्याच्या आसपास मतं होती, तरुणांत त्याहून जास्त. पुढारी एकीकडे आणि कामगार दुसरीकडे, हे गिरणी-यंत्रमागाच्या गावाला काय नवीन सांगायचं.

त्या वर्षी तिथे आधी चार दिवस मतदानाची सोय होती. सुमारे ७५ हजारांनी पसंतिक्रम लिहिलेल्या पत्रिका दिल्या, आणि त्या ज्याच्या त्याच्या प्रिसिंक्टच्या खोलीत मिसळून मोजल्या. त्यामुळे आयोवाशी थेट तुलना टाळा.

२०२४ ची रिपब्लिकन नेवाडा तक्त्यात घेऊच नका. सरकारने ६ फेब्रुवारीला प्रायमरी घेतली, पक्षाने ८ फेब्रुवारीला वेगळा कॉकस. ट्रम्प फक्त कॉकसमध्ये, हेली फक्त प्रायमरीत. प्रायमरीत "यांपैकी कुणीही नाही" हा पर्याय ६३ टक्के घेऊन पहिला आला, हेली ३० वर. प्रतिनिधी मात्र फक्त कॉकसमधून.

आसरा_चौक

एक भर. चार राज्यं म्हणजे चार स्वतंत्र नमुने समजू नका. मागच्याचा निकाल पुढचा मतदार बघत असतो. २००८ ला ओबामा आयोवा जिंकेपर्यंत साउथ कॅरोलिनातले बरेच कृष्णवर्णीय मतदार क्लिंटन यांच्याकडे किंवा कुंपणावर होते. नव्वद टक्के गोऱ्या राज्यात हा माणूस जिंकतो म्हटल्यावर तिकडे ओबामा ५५, क्लिंटन २७ असं झालं. २०२० ला बायडन साउथ कॅरोलिना जिंकले आणि ३ मार्चच्या आत बुटिजज आणि क्लोबुशार बाहेर. मतं तेवढीच राहिली, घेणारे कमी झाले. म्हणून प्रत्येक ओळीत त्या दिवशी किती उमेदवार खऱ्या अर्थाने रिंगणात होते तेही लिहा.

आणि या चार राज्यांतून मिळतं किती? २०२० ला डेमोक्रॅटांचे ४१, २४, ३६ आणि ५४ प्रतिनिधी, मिळून १५५. एकूण ३,९७९ पैकी.

पूर्वभाग

मुलांना एखादी रात्र थेट दाखवायची ठरली तर आपल्याकडे वेळ कोणती?

जुळे_सोलापूर

रात्र नाही, पहाट. आयोवात संध्याकाळचे ७ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसहा. न्यू हॅम्पशरची शेवटची केंद्रं ८ ला बंद होतात, तेही आपले साडेसहाच, कारण ते पूर्वेकडच्या वेळेत आहे. साउथ कॅरोलिना ७ ला बंद, म्हणजे आपले साडेपाच. जानेवारी-फेब्रुवारीत त्यांची हिवाळी वेळ असते, म्हणून हा हिशेब. २०२४ ला आयोवात कॉकस सुरू होऊन अर्ध्या तासात वृत्तसंस्थेने ट्रम्प विजयी सांगून टाकलं, खोल्यांमध्ये अजून चिठ्ठ्या पडत होत्या. त्यामुळे पोरांना सव्वासहाला बसवा, साताला बोलावलंत तर हातात फक्त काउंट्यांचा नकाशा राहील.